हात खाली!

आमच्या साडूंनी आयुष्यात जेवढे गाल वाचवले, तेवढी कापसाची बोंडं धामणगाव बढ्याच्या शिवारात एका हंगामात फुटत नसतील. आणि त्यातला प्रत्येक गाल त्यांनी माझ्या दुकानाच्या तोंडचा घास काढून वाचवला, हेही इथंच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या बोलण्यातला कडूपणा कुठून आला याचं कोडं कोणाला पडायला नको. मी कटलरीचा दुकानदार. बांगड्या, फण्या, आरसे, रिबिनी, स्नो, पावडर, वासाचं तेल, साबण. सायकलला पत्र्याची पेटी बांधून सुरुवात केली, बाजार बाजार फिरलो, एकेका फणीसाठी घसा कोरडा पडेस्तोवर भाव केला, आणि त्याच घशाच्या जोरावर धामणगावच्या बाजारात स्वतःचं पक्कं दुकान उभं केलं. माझ्याशी घासाघीस करून जिंकलेला माणूस मला आठवत नाही. एक सोडून. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आयुष्यात दोन मोठे सौदे मी त्यांच्याशी केले आणि दोन्ही हरलो. पहिल्यात माझ्या मुलीचा चेहरा वाचला, दुसऱ्यात त्यांचा गेला. पहिल्याबद्दल त्यांचे उपकार आहेत, दुसऱ्याबद्दल माझा त्यांच्यावर राग आहे, आणि तो ऐकायला ते आता नाहीत म्हणून तो काही कमी होत नाही.

दिसायला साधा शेतकरी माणूस. गावाच्या कडेला कापूस-ज्वारीचं वावर, एक बैलजोडी, डोक्याला टोपी, खांद्यावर दुपट्टा. वेगळेपण होतं ते चेहऱ्यात. तरुणपणी त्यांच्या तोंडावर मुरमांचं असं पीक आलं होतं, की दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायला आईला मोकळी जागा सापडत नसे. ज्यानं जे सांगितलं ते लावलं. लिंबू झालं, राख झाली, लाल मंजन झालं, कोणी तर धुण्याचा सोडासुद्धा चोळला. तशात लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी गावच्या सगळ्या सुवासिनींनी नवरदेवाचं तोंड उजळवायचंच असं मनावर घेतलं आणि हळद, तेल, बेसन घेऊन पितळी घागर घासावी तसं ते तोंड घासलं. दुसऱ्या दिवशी मांडवात त्या घागरीसारखंच सुजलेलं आणि चकाकणारं तोंड घेऊन ते उभे राहिले. ही गोष्ट ते माझ्या मुलीला नेहमी सांगत. "अंतरपाट खाली आला अन् तुह्या मावशीनं मले पाहून डोयेच मिटले. मले वाटलं लाजली. मंग समजलं, भेली." आणि आतून, चुलीपुढून, मावशीचा आवाज येई, "भेईन नाही तर काय करीन? मले वाटलं नवरदेवच बदलला!"

त्या तोंडाचं पुढं जे झालं ते बैलामुळं झालं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जुवाखाली घासलेल्या खांद्यावर कोमट तूप आणि हळद पळसाच्या पानानं लावायची आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." लग्नानंतरच्या पहिल्याच पोळ्याला त्यांच्या एका बैलाचा खांदा सुजून आला होता. घरातला जो उठेल तो त्याला काहीतरी चोळी, आणि खांदा आणखी पिके. शेवटी साडूंनी सगळ्यांना गोठ्याबाहेर काढलं. बैल जुवाला लावणं बंद, चोळणं बंद. कोमट पाण्यानं धुवायचं, मऊ फडक्यानं टिपायचं, आणि सोडून द्यायचं. खांदा हळूहळू सुकला. "तवा गोठ्यात उभ्या उभ्या माह्या ध्यानात आलं," ते म्हणत, "याचा खांदा अन् माहा गाल एकाच कातड्याचा. घासला की पिकते, सोडला की सुकते." त्यांनी स्वतःच्या तोंडाला बैलाचा न्याय लावला. मुरमं बसली, खड्डे मात्र राहिले. त्या खड्ड्यांवर बोट ठेवून ते पोरांना बजावत, "हे देवानं नाही केले. हे या बोटानं केले."

तेव्हापासून पंचक्रोशीतल्या प्रत्येक मुरूमवाल्या तोंडावर आपलाच हक्क आहे असं ते समजू लागले. आपण रस्त्यानं जाताना माणसं बघतो, ते नुसते गाल बघत. बाजारात कोणा पोराचा हात हनुवटीकडे जाताना दिसला, की भाजीच्या ढिगापलीकडून त्यांची हाळी येई, "हात खाली!" एवढ्या जोरात, की शेजारी वजन करणारा माळीसुद्धा तराजू खाली ठेवी. एकदा मलकापूरच्या एसटीत त्यांच्यापुढच्या बाकावर एक तरुण गालावरची पुटकुळी फोडत बसला होता. यांनी मागून झडप घालून त्याचं मनगट धरलं. पोरगा ओरडला, गाडीत सगळ्यांना वाटलं पाकीटमार सापडला. कंडक्टरनं घंटी ओढली, गाडी थांबली, दोन-तीन जण बाह्या सरसावून उठले. "काय चोरलं त्यानं?" कंडक्टरनं विचारलं. "चोरलं काही नाही," हे मनगट न सोडता म्हणाले, "फोड फोडून राह्यला होता." कंडक्टर संतापला, पण संतापता संतापता त्याचाही हात स्वतःच्या मानेवरच्या पुळीकडे गेला, आणि साडूंनी दुसऱ्या हातानं तोही धरला.

मावशी कंटाळल्या होत्या त्या धोतरांच्या कारणानं. साडूंचा नियम असा, की तोंड टिपायचं फडकं मऊ पाहिजे, स्वच्छ पाहिजे, आणि ज्याचं त्याचं वेगळं पाहिजे. घरातल्या सगळ्यांनी एकाच पंच्याला तोंड पुसायचं म्हणजे गावची सगळी ढोरं एकाच जुवाला जुंपायची, असं त्यांचं म्हणणं. म्हणून जुन्या धोतराचे चौकोनी तुकडे करून, धुऊन, उन्हात वाळवून ते खिशात बाळगत आणि मुरूम दिसेल त्याला वाटत. तुकडा हातात देताना म्हणत, "सकाळी धू, संध्याकाळी धू. तळहातानं, खरारा केल्यासारखं नाही. मंग टीप. मंग सोड." जुनी धोतरं संपली की नवी वेळेआधीच जुनी होत. "लोकाईचे मानसं दारूत घालवतेत," मावशी माझ्या बायकोजवळ रडगाणं गात, "आमचा मानूस पोट्ट्यांच्या गालात घालवते." गावातल्या आयांशी त्यांचं भांडण वेगळं होतं. आमच्याकडे लेकरांच्या डोक्याला तेल असं थापतात, की ते कपाळावरून भुवयांपर्यंत ओघळतं. साडू रस्त्यात पोरीला उभी करून तिचं कपाळ दुपट्ट्यानं टिपायचे. एकीनं त्यांना चांगलंच सुनावलं, "तेल नाही लावू तर काय सुतकातलं डोस्कं घेऊन शाळेत पाठवू?" ते शांतपणे म्हणाले, "डोस्क्याले लावा ना बाई. कपाळानं काय पाप केलं?" दुसरी म्हणाली की मुरमं भज्यांमुळं येतात, म्हणून तिनं पोराची भजी बंद केली आहेत. त्या पोराचं उतरलेलं तोंड बघून साडूंनी बाजारातूनच भजी आणली आणि त्याच्या आईदेखत त्याला चारली. "भजे तोंडात टाक, बेट्या. तोंडावर चोळू नको, म्हनजे झालं."

हे सगळं त्यांनी आपल्या वावरात बसून केलं असतं तर माझी हरकत नव्हती. पण बाजाराच्या दिवशी ते येऊन बसत माझ्या दुकानापुढच्या बाकड्यावर. बाकडं माझं, चहा माझा, गिऱ्हाईक माझं. एखादा पोरगा लाजत लाजत येऊन विचारी, "शेट, मुरमाचं मलम आहे काय?" मी डबी काढेपर्यंत बाकड्यावरून आवाज येई, "आहे ना, लय आहे. पन घेऊ नको."

"भाऊ, गिऱ्हाईक माहं आहे," मी म्हणे.

"गिऱ्हाईक तुमचं आहे, शेट, गाल त्याचा आहे."

"अहो, शहरात लावतेत लोक हे!"

"शहरात बैल बी नाहीत, शेट. त्याईले खांदा कसा समजन?" आणि मग पोराकडे वळून, "शेट मानूस सोन्यासारखा आहे. त्याच्यापासून साबन घे. अंगाचा घे, कपड्याचा नको. अन् हे फडकं माह्यापासून घे, फुकट." माझं डोकं फिरे. मी रागीट माणूस आहे हे मी लपवत नाही. एकदा मी आरशाची चौकट अशी आपटली, की आरसा तडकला. साडू त्या तडकलेल्या आरशाकडे बघून म्हणाले, "बरं झालं. आरसा बी आठवड्यातून एकदाच पाहावा. रोज रोज पाहिलं की हात चुळबुळ करते." बाजार हसला. तेव्हा मीही हसलो, हे सांगायला हवं. गिऱ्हाईक गेलं, की ते मान तिरपी करून, अगदी हळहळल्याच्या आवाजात म्हणत, "शेट, गिऱ्हाईक गेलं." जसं काही ते वाऱ्यानं उडून गेलं.

मग मुरमं माझ्याच घरात आली. माझी थोरली नववीत होती आणि अभ्यासात अशी, की मास्तर घरी येऊन सांगून गेले होते, हिला मॅट्रिकनंतर थांबवू नका, मास्तरीण करा. आणि नेमकी तेव्हाच तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत लाल मुरमं उठली. आधी ती ओढणी तोंडाला बांधून शाळेत जायची. मग पोरं मागून काहीबाही बोलली आणि ती जाईनाच. घर स्नोच्या डब्यांनी भरलेलं, आणि घरातली पोरगी अंधारात बसलेली. मावशीकडून साडूंना कळलं. ते आले, तिच्यापुढं खाली बसले, आणि आधी ओढणीची गाठ सोडली. "तोंड झाकू नको, माय. झाकलेलं तोंड घामानं पिकते, अन् आतून मन बी पिकते." मग बाहेर ओट्यावर येऊन माझ्याशी बोलायला बसले. हा आमचा पहिला सौदा.

मी म्हटलं, "भाऊ, आठवड्यात फरक दिसला पाहिजे. तिची शाळा बुडून राह्यली."

"नाही दिसनार."

"मंग दोन आठवडे घ्या."

"नाही."

"बरं, महिना. महिन्याच्या वर काही ऐकनार नाही मी."

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "शेट, कापसाच्या पऱ्हाटीसंग तुमचं बोलनं झालं काय? तिले म्हना, महिन्यात फुट. ती हो म्हनली तर मी बी हो म्हनतो. शेवटची वेचनी होईस्तोवर थांबा. तवरक तुमच्या दुकानातलं काही हिच्या तोंडाले लागता कामा नाही. अन् शाळा उद्यापासून."

"या तोंडानं?"

"मंग काय शाळेत दुसऱ्याचं तोंड नेईन ती?"

"अन् नाही बरं झालं तर?"

"तर तुमच्या बाकड्यावर बसनं सोडून देईन."

या एका गोष्टीसाठी मी हो म्हटलं. बाकडं मोकळं होण्याची मला त्या काळी मोठी आशा होती. दुसऱ्या दिवसापासून हा माणूस वावरातली कामं टाकून सकाळी माझ्या दारात उभा राहायचा आणि तिला शाळेच्या फाटकापर्यंत पोचवायचा. वाटेत पोरं असली की मोठ्यानं आपल्या हळदीची गोष्ट सांगायचा, म्हणजे हसायचं ते त्यांच्या तोंडाला हसून घ्यावं. ती धुवायची, टिपायची, सोडायची. उशीचा अभ्रा आठवड्याला बदलायची. केस बांधून झोपायची. आधी काहीच झालं नाही. मग जुनी मुरमं सुकली आणि नवी आली. मी रोज तिच्या तोंडाकडे बघून दात खात होतो. शेवटची वेचणी झाली तेव्हा गालांवर थोडे डाग उरले होते, बाकी चेहरा माझ्या मुलीचा होता. बाकडं काही मोकळं झालं नाही. उलट त्या दिवशी साडूंनी चहा दोनदा मागवला.

ती पुढं शिकली, मास्तरीण झाली, जानेफळच्या शाळेत लागली. आणि इथून माझ्या रागाची गोष्ट सुरू होते.

साडूंच्या नाकाच्या उजव्या कडेला तुरीच्या डाळीएवढी एक फोड मला पहिल्यांदा दिसली ती बाजाराच्या दिवशी, चहाचा कप तोंडाला लावताना. तिला मोत्यासारखी चकाकी होती आणि मधोमध खपली. पुढच्या बाजारी खपली पडलेली आणि थेंबभर रक्त. त्याच्या पुढच्या बाजारी पुन्हा खपली. मी दुकानदार आहे, कोणता माल हलतो आणि कोणता ठाण मांडून बसतो ते माझ्या डोळ्याला कळतं. ही फोड हलत नव्हती.

"भाऊ, हे काय?"

"फोड."

"कवापासून?"

"असेल. मी हात लावत नाही तिले. जाईन."

मावशीनं सांगितलं, होळीच्या आधीपासून आहे. होळी होऊन पोळा आला, पोळा होऊन दिवाळी आली. मी म्हटलं, अकोल्याला चला, दाखवून येऊ. ते म्हणाले, वेचणी होऊ द्या. वेचणी झाली. ते म्हणाले, माझ्या पोरीच्या पोराचं बारसं होऊ द्या. बारसं झालं. ते म्हणाले, पेरणी. ज्या माणसानं माझ्याशी कधी एका दिवसाचा खोटा वायदा केला नव्हता, तो आता नुसते वायदेच करत होता. मी माझ्या धंद्यात शिकलेलं सगळं वापरलं. गोड बोललो, उठून जाण्याचं नाटक केलं, मावशीला पुढं केलं, दुकान बंद ठेवून मीच सोबत येतो म्हटलं, बैलांची सोय करतो म्हटलं. एका दिवसानंही ते उतरले नाहीत. चीड अशी, की उत्तर दर वेळी तेच, जे त्यांनी माझ्या मुलीच्या वेळी दिलं होतं आणि तेव्हा खरं ठरलं होतं. "सोडली की सुकते, शेट. वेळ द्या तिले."

एका बाजारी मी बाकड्यापुढं उभा राहून सगळ्यांसमोर ओरडलो. म्हटलं, ही तुमच्या पोट्ट्यांची मुरमं नाहीत, ही काहीतरी दुसरीच चीज आहे, डोळे उघडा. बाजार गोळा झाला. साडूंनी शांतपणे चहा संपवला, कप बाकड्यावर ठेवला आणि हसून म्हणाले, "शेट, तुमचा धंदाच तो. तुम्हाले पहिल्यापासून प्रत्येक फोडीत गिऱ्हाईकच दिसते."

सगळे हसले. त्या दिवशी मी हसलो नाही. माझ्या तोंडून जे निघालं ते छापण्यासारखं नाही. त्यांनी ते थट्टेत म्हटलं हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी आयुष्यात पहिल्यांदा काही विकायला उभा नव्हतो, आणि नेमकं तेव्हाच मला दुकानदार म्हटलं गेलं. इतकी वर्षं झाली, ते वाक्य माझ्या अंगातून निघत नाही.

त्या वर्षी पोळ्याला माझी मुलगी जानेफळहून आली. मावसाजींचं तोंड पाहून ती दचकली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या गोठ्यात गेलो. मी दाराशीच थांबलो, माझा अबोला चालू होता. साडू पळसाच्या पानानं तूप-हळद लावत होते. एका बैलाच्या खांद्यावर नवी जखम होती.

"मावसाजी, हा खांदा सुकन काय?" तिनं विचारलं.

"सुकते. सोडला की सुकते."

"अन् सोडून बी नाही सुकला तर? पुढच्या पोळ्यापर्यंत तसाच राह्यला तर?"

"पागल आहे काय तू, माय? पुढच्या पोयापर्यंत कोन थांबते? ढोराच्या डॉक्टरले नाही नेनार काय मी?"

"काऊन?"

"काऊन म्हनजे? जो सोडून बी सुकत नाही, तो घासलेला खांदा नसते. तो रोग..."

आणि ते थांबले. पान हातात तसंच राहिलं, तूप त्यांच्या मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत गेलं. बैलानं मान वळवून पाहिलं, का थांबले म्हणून. कोपर पुसत ते म्हणाले, "उद्या पोया होऊ दे, माय. परवा जाऊ." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी ज्याच्यासाठी दीड वर्ष घसा फोडला, ते तिनं घासाघीस न करता घेतलं.

अकोल्याहून नागपूरला पाठवलं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, कातडीचा कॅन्सर म्हटलं, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "सुरुवातीला आणलं असतं तर लहानसं कापून भागलं असतं. वणसुद्धा शोधावा लागला असता." बोलायचं ते मी बाजारात उभा राहून बोललो होतो. जीव वाचला. नाकाची उजवी पाकळी आणि गालाचा तुकडा गेला. ज्या गालाला पहिल्या पोळ्यापासून त्यांनी स्वतःचं नख लागू दिलं नव्हतं, तो असा गेला.

गावी आल्यावर ते दुपट्टा नाकावरून बांधू लागले. बाजारात येणं बंद झालं. पोरं घरी जात, तर ते भिंतीकडे तोंड करून सांगत, "धू, टीप, सोड. अन् जे सुकत नाही ते लवकर दाखव." मग पोरांनीही जाणं सोडलं. माझ्या दुकानावरची मलमं बिनबोभाट खपू लागली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, तो धंदा झाला. गिऱ्हाईक डबी उचले, मी देई, आणि दोघांनाही कोणी काही म्हणत नसे. इतकी बेचव विक्री मी सायकलवर असतानाही केली नव्हती. माझी मुलगी सुट्टीत आली की त्यांच्यापुढं बसे आणि त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवी, की झाकलेलं तोंड पिकते, मावसाजी, अन् मन बी पिकते. ते दुपट्ट्याआडून म्हणाले, "तुहं तोंड पुढं जायाचं होतं, माय. माहं जाऊन आलं."

दुपट्टा सुटे तो एकाच ठिकाणी, गोठ्यात. एका पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी एकटाच गेलो. ते उघड्या तोंडानं बैलांचे खांदे शेकत होते. मला पाहून त्यांचा हात खांद्यावरच्या दुपट्ट्याकडे गेला, आणि मी सवयीनं बोलून गेलो, "हात खाली, भाऊ." ते थबकले. हात खाली आला. मग ते हसले. हसताना आता नाकातून बारीक शीळ वाजायची. त्यांनी बैलाच्या कानाशी तोंड नेऊन आवतन दिलं. माझ्यापाशी दुसरे शब्द नव्हते, म्हणून मीही तेच घेतले. म्हटलं, "बैलाईचं झालं. आता माहं ऐका. आज आवतन घ्या, अन् बाजाराच्या दिवशी बाकड्यावर बसाले या."

"बैल आवतनाले नाही म्हनत नाही, शेट, म्हनून त्याले देतेत."

"चहा माहा."

"चहा तुमचाच असते."

"गिऱ्हाईक बी तुमचं. एकाले बी मलम विकनार नाही."

त्यांनी पळसाचं पान खाली ठेवलं, हात पुसले, माझ्याकडे नीट पाहिलं. "पाहू," ते म्हणाले. "पऱ्हाटी फुटू द्या." आमच्या साऱ्या ओळखीत पहिल्यांदा ते उतरले होते. मी पुढं रेटलं नाही. रेटायला हवं होतं, असं कधी कधी वाटतं, पण गिऱ्हाईक हो म्हणालं की गप्प बसावं, ही माझी जुनी सवय.

पऱ्हाटी त्या वर्षी उशिरा फुटली. त्याच्या आधीच एका दुपारी वावरातून येऊन ते ओट्यावर टेकले आणि छातीला हात लावून गेले. नाकाच्या त्या रोगानं नाही, काळजानं. मावशी म्हणाल्या, शेवटी दुपट्टा त्यांनीच सोडला होता, गरम होते म्हणाले.

बाकडं मी अजून हलवलं नाही. मागच्या बाजारी एक कॉलेजातला पोरगा दुकानात आला. मी पुड्या बांधत होतो. मान वर केली तर तो माझ्या टांगलेल्या आरशात पाहून हनुवटीवरचं मुरूम चिमटीत धरून उभा. "हात खाली!" मी ओरडलो. माझा आवाज मोठा आहे, समोरच्या माळ्यानं तराजू खाली ठेवला. पोरगा आधी दचकला, मग चिडला, मग डबीकडे बोट दाखवून म्हणाला, "ते मलम द्या." मी म्हटलं, ते तुझ्या कामाचं नाही, साबण ने, आणि घरी एखादं जुनं मऊ धोतर असेल तर त्याचं फडकं कर. त्यानं माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानाकडे पाहिलं, आणि तिकडे निघून गेला.

मी हात तसेच ठेवून बाकड्याकडे कान देऊन उभा राहिलो. इथं कोणीतरी म्हणायला हवं होतं, "शेट, गिऱ्हाईक गेलं."